वीस म्हणजे किती? पत्त्यांच्या खेळातलं ‘लाइफ’ आणि मोजमापाचा घोळ

मॅजिक: द गॅदरिंग खेळणाऱ्या बहुतेकांकडे एक वीस बाजूंचा फासा असतो. तो टाकायचा नसतो, नुसता समोर ठेवायचा असतो. त्याच्यावरचे आकडे नेहमीच्या फाशासारखे विखुरलेले नसतात, 20 च्या शेजारी 19, त्याच्या शेजारी 18 असे क्रमानं असतात. एक पॉइंट गेला की फासा एका बाजूनं कलंडवायचा. याला स्पिनडाउन म्हणतात. पण मोठ्या स्पर्धांमध्ये जुने खेळाडू हा फासा वापरत नाहीत, ते कागद आणि पेन घेऊन बसतात. फाशाला कोपर लागलं की गेला आकडा, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: फासा फक्त आत्ताचा आकडा दाखवतो. कागदावर 20, 19, 17, 14 अशी सगळी उतरण राहते, आणि त्या उतरणीवरून डाव कसा गेला हे सांगता येतं.

संशोधनाची तयारी करताय, तर हा फरक आत्ताच डोक्यात ठेवा. मला तो फार उशिरा कळला.

माझ्या पीएचडीचा विषय, एका वाक्यात सांगायचं तर, माहिती अपुरी असताना संगणकानं निर्णय कसे घ्यावेत हा आहे. पत्त्यांचे खेळ त्यासाठी सोयीचे, कारण समोरच्याच्या हातात काय आहे ते दिसत नाही. मी मॅजिकच्या नियमांचा एक छोटा भाग घेऊन सिम्युलेटर लिहिला, दोन प्रोग्राम एकमेकांशी खेळवले. पण डाव लांबायचे, लॅबमधलं मशीन रात्रभर अडकून पडायचं. म्हणून मी एक ‘व्यवहारी’ निर्णय घेतला: डाव शेवटपर्यंत खेळवायचाच नाही. ठरावीक टर्नला थांबवायचा आणि ज्याचं लाइफ जास्त तो पुढे, असं धरायचं. दोघांच्या लाइफमधला फरक हाच निकाल. कार्यात्मक व्याख्या झाली, एक्सेलमध्ये कॉलम झाला, आलेखही छान आले.

लॅब मीटिंगमध्ये एका सीनियरनं एकच प्रश्न विचारला. “19 वरून 18 वर येणं आणि 1 वरून 0 वर येणं, हे तुझ्या कॉलममध्ये सारखंच आहे ना?”

होतं. सारखंच होतं. आणि तिथून माझं एक प्रकरण जवळजवळ नव्यानं लिहायला लागलं. पण ही पोस्ट माझ्या रडगाण्याबद्दल नाही. त्या प्रश्नानंतर मी या ‘लाइफ’ नावाच्या आकड्याकडे नीट बघायला लागले, आणि लक्षात आलं की मीच नाही, खेळ बनवणारे आणि खेळणारेही तीस वर्षं याच आकड्यावर अडखळत आलेत. त्यांच्या चुका माझ्या चुकीपेक्षा फार रंजक आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅजिक 1993 साली आला. रिचर्ड गारफील्ड हे त्याचे कर्ते, गणितात, कॉम्बिनेटोरिक्समध्ये पीएचडी केलेले गृहस्थ. दोन खेळाडू, प्रत्येकाकडे स्वतः निवडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा, म्हणजे डेक. लँडच्या पत्त्यांतून मॅना मिळतो, मॅना खर्च करून बाकीचे पत्ते खेळायचे: काही पत्ते लढणारे प्राणी असतात, काही एकदाच चालणारे मंत्र. दोघांचं लाइफ 20 पासून सुरू होतं. ज्याचं 0 किंवा त्याखाली जातं तो हरतो. हरण्याच्या इतरही वाटा आहेत (डेक संपलेला असताना पत्ता ओढायची वेळ आली तर, किंवा विषाचे 10 काउंटर झाले तर), पण लाइफ ही मुख्य वाट.

आता पहिल्याच 1993 च्या संचातले पाच पत्ते बघा. पाच रंग, प्रत्येक रंगाचा एक पत्ता, प्रत्येकाची किंमत एक मॅना, आणि प्रत्येक पत्ता कशाचे तरी ‘तीन’ देतो. लाल रंगाचा लाइटनिंग बोल्ट 3 डॅमेज करतो. पांढऱ्याचा हीलिंग साल्व 3 लाइफ देतो, किंवा येणारं 3 डॅमेज अडवतो. निळ्याचा अँसेस्ट्रल रिकॉल 3 पत्ते ओढायला देतो. काळ्याचा डार्क रिच्युअल 3 मॅना देतो. हिरव्याचा जायंट ग्रोथ एका प्राण्याला त्या टर्नपुरती +3/+3 ताकद देतो.

कागदावर किती सुंदर सममिती आहे! एका मॅनाला तीन नग. दुकानात पाटी लावावी तसं, कोणतीही वस्तू घ्या, भाव एकच.

प्रत्यक्षात काय झालं? अँसेस्ट्रल रिकॉल हा खेळाच्या इतिहासातल्या सगळ्यात ताकदवान पत्त्यांपैकी एक ठरला. आज तो फक्त व्हिंटेज या प्रकारात, आणि डेकमध्ये एकच, एवढाच चालतो. लाइटनिंग बोल्ट आजही उत्तम पत्ता मानला जातो. आणि हीलिंग साल्व? गंभीर स्पर्धेत तो डेकमध्ये घेणारा माणूस शोधून सापडणार नाही. खेळ बनवणाऱ्यांना याचा अजिबात अंदाज नव्हता असंही नाही. अँसेस्ट्रल रिकॉल त्यांनी दुर्मीळ ठेवला होता, बाकीचे चार सहज मिळणारे. पण बोल्ट आणि साल्व हे दोघं त्यांनी एकाच पायरीवर बसवले होते.

इथे जरा थांबून हिशोब करू. मी बोल्ट मारला: समोरच्याचं 20 चं 17 झालं. फरक 3 नं माझ्या बाजूला. मी साल्व खेळले: माझं 20 चं 23 झालं. फरक तितकाच, 3. माझ्या त्या एक्सेलच्या कॉलमला हे दोन पत्ते जुळी भावंडं वाटतात. मग एक सोनं आणि एक माती का?

समजा समोरच्याकडे दर टर्नला 3 मारणारा, 3 टिकावाचा एक प्राणी आहे. साल्व खेळलात तर एका टर्नचा मार वाचला. पुढच्या टर्नला तो पुन्हा येणारच, आणि साल्व तर गेला. बोल्ट मात्र त्या प्राण्यावरच मारता येतो. प्राणी मेला, म्हणजे त्याचे यापुढचे सगळे मार वाचले. शिवाय वेळ आली तर तोच बोल्ट सरळ खेळाडूच्या डोक्यात घालून डाव संपवता येतो. साल्वनं कधीच डाव संपत नाही. आणि समोरचा जर विषानं किंवा डेक संपवून जिंकायच्या तयारीत असेल, तर साल्वचे 3 लाइफ म्हणजे बंद पडलेल्या नोटा.

म्हणजे +3 आणि −3 हे आकड्यात समान आहेत, खेळात नाहीत. संख्याशास्त्राच्या पुस्तकात मापनश्रेणींचं प्रकरण असतं ना, नामनिर्देशन, क्रमवाचक, अंतराल, गुणोत्तर. पेटला एखादा प्रश्न येतो म्हणून आपण ते घोकतो आणि विसरतो. लाइफचा आकडा दिसायला गुणोत्तर श्रेणीचा आहे: खरं शून्य आहे, एकके समान आहेत, बेरीज-वजाबाकी होते. फाशावर ते खरंच तसं आहे. पण ‘कोण जिंकतंय’ याचं मोजमाप म्हणून तोच आकडा वापरला की तो क्रमवाचकसुद्धा राहत नाही. 12 लाइफवाला 8 वाल्याच्या पुढे आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. आकडा बदलला नाही, आपण त्याला विचारलेला प्रश्न बदलला. प्रदत्ताची श्रेणी प्रदत्तालाच चिकटलेली असते असं आपल्याला शिकवतात. मला ते आता पटत नाही.

याच पहिल्या संचात चॅनल नावाचा पत्ता होता. दोन हिरव्या मॅनाचा. तो खेळलात की त्या टर्नपुरतं 1 लाइफ देऊन 1 मॅना घेता येतो, हवा तितक्या वेळा. आणि फायरबॉल: एक लाल मॅना द्यायचा, वर जितका मॅना घालाल तितकं डॅमेज. आता तुमचं लाइफ 20 आहे. 19 विकून टाका. 19 मॅना आला, त्या लाल मॅनाखेरीज कुठून तरी आणखी एक मिळवा, 20 चा फायरबॉल समोरच्यावर सोडा. डाव खलास.

ही जोडी मॅजिकमध्ये दंतकथेसारखी सांगितली जाते. मला तिच्यातला एक क्षण फार आवडतो. फायरबॉल सुटलाय पण लागलेला नाही, त्या क्षणी टेबलावरचे आकडे बघा: माझं 1, समोरच्याचं 20. माझ्या कॉलमप्रमाणे मी 19 नं मागे आहे. आणि मी जिंकलेली आहे.

चॅनलनं उघड केलं ते असं की लाइफ हे जिंकण्या-हरण्यापासूनचं अंतर तर आहेच, पण ते चलनही आहे, खर्च करता येतं. हे लक्षात यायला खेळाडूंना वेळ लागला. 1995 च्या आइस एज संचात नेक्रोपोटेन्स आला. तीन काळ्या मॅनाचा पत्ता; तो खेळलात की तुमचा दर टर्नला मिळणारा पत्ता बंद. त्याऐवजी 1 लाइफला 1 पत्ता, हवे तितके घ्या, टर्नच्या शेवटी हातात येतील. सुरुवातीला अनेकांनी नाक मुरडलं. हक्काचा पत्ता सोडायचा आणि वर स्वतःचं रक्त द्यायचं? 1996 च्या उन्हाळ्यात स्पर्धांमध्ये या पत्त्याच्या डेकांनी इतका धुमाकूळ घातला की त्या काळाला खेळाडू अजून ‘ब्लॅक समर’ म्हणतात.

का, ते मघाच्याच हिशोबातून काढता येतं. बोल्टवाल्याला तुमचे 3 लाइफ घ्यायला एक पत्ता खर्चावा लागतो. म्हणजे त्याचा भाव 1 पत्ता = 3 लाइफ. नेक्रोपोटेन्सचा भाव 1 पत्ता = 1 लाइफ. एक बाजारात तीनला विकला जाणारा माल दुसऱ्या बाजारात एकला मिळतोय. कोणताही व्यापारी काय करेल ते सांगायला अर्थशास्त्र नको.

पत्ते आणि लाइफ यांचा असा विनिमय दर मांडण्याची एक पूर्ण विचारसरणीच मॅजिकच्या लेखनात आहे, तिला फिलॉसॉफी ऑफ फायर म्हणतात. सात बोल्ट म्हणजे 21, म्हणजे समोरचा मेला. मग प्रश्न एवढाच की सात बोल्ट हातात येईपर्यंत मी तग धरेन का. खेळ इतका उघडा करून बघणं मला आवडतं. आधुनिक डेकांमध्ये लँड खेळतानाही लाइफ द्यावं लागतं: एका प्रकारचं लँड 1 लाइफ घेऊन दुसरं लँड शोधून आणतं, आणि ते दुसरं लगेच वापरायचं असेल तर 2 लाइफ मागतं. पहिल्याच टर्नला 20 चं 17. समोर बोल्टवाला असेल तर त्याचा एक पत्ता तुम्ही त्याला फुकट दिलात.

आता माझी तक्रार. या सगळ्यातून खेळाडूंमध्ये एक वाक्य रूढ झालं: लाइफ हे फक्त साधन आहे, शेवटचा एक पॉइंट सोडून बाकीचे खर्चायलाच असतात. नवशिक्याला हे वाक्य सांगणं मला मान्य आहे. नवशिका काय करतो, तर 20 लाइफ असताना 2 चा मार वाचवायला आपला चांगला प्राणी मध्ये घालून मारून घेतो. (माझा प्रोग्राम नेमकं हेच करायला शिकला होता. लाइफ मागणारं लँड तर त्यानं हातात नुसतं धरून ठेवलं. कंजूष माणसासारखा, पैसे राखले आणि उपाशी मेला.) त्याला या वाक्यानं शहाणपण येतं. पण सिद्धांत म्हणून हे वाक्य माझ्या एक्सेलइतकंच चुकीचं आहे, फक्त उलट्या बाजूनं. मी म्हणत होते प्रत्येक पॉइंट सारखा मोलाचा. हे म्हणतात शेवटचा सोडून कुठल्याच पॉइंटला मोल नाही. दोघांनीही समोर कोण बसलंय हे विचारलेलंच नाही.

बोल्टवाल्यासमोर 20 वा पॉइंटसुद्धा एक तृतीयांश पत्ता असतो, तो उधळता येत नाही. डेक संपवणाऱ्यासमोर विसाच्या वीस पॉइंटची किंमत जवळपास शून्य. म्हणजे विनिमय दर माझ्या पत्त्यावर छापलेला नसतो, समोरच्याच्या डेकमध्ये असतो. माइक फ्लोरेस यांचा 1999 चा एक लेख मॅजिकमध्ये फार गाजलेला आहे, हूज द बीटडाउन. त्याचा गाभा असा की दोन डेक समोरासमोर आले की त्या डावापुरता एक हल्लेखोर असतो आणि दुसऱ्याला थोपवावं लागतं. आपली भूमिका चुकीची ओळखली की डाव हातचा जातो. लेख मुख्यतः लाइफबद्दल नाही, पण मला तो लाइफबद्दलच वाटतो. हल्लेखोराचं लाइफ म्हणजे खिशातले पैसे, थोपवणाऱ्याचं लाइफ म्हणजे धरणाची भिंत. आणि समोरचा बदलला की त्याच डेकची भूमिका बदलते.

या आकड्याचं तिसरं काम त्याहून वात्रट आहे. काही पत्ते तो आकडा नुसता वाचतात. डेथ्स शॅडो हा 2010 च्या वर्ल्डवेक संचातला पत्ता बघा: एका मॅनाला ताकद 13, टिकाव 13 असा राक्षसी प्राणी. अट अशी की तुमचं लाइफ जितकं, तितकी त्याची ताकद आणि टिकाव कमी. 20 लाइफ असताना खेळलात तर जन्मताच मेला. 13 ला तरी मेलाच. पण लाइफ 5 वर आणलंत तर 8/8. 2017 च्या सुमारास मॉडर्न प्रकारात या पत्त्याभोवतीचे डेक अगदी पहिल्या फळीत होते. ते खेळाडू लँडवर लाइफ द्यायचे, मंत्रांवर द्यायचे, मुद्दाम खाली यायचे. इथे जास्त लाइफ म्हणजे चांगलं, हे साधं गृहीतकही मोडतं. आलेखाची रेषा वाकडी आहे एवढंच नाही, एका टप्प्यात ती उलटी चालते.

तुम्ही म्हणाल, हा एक विचित्र पत्ता, अपवाद. मीही तेच म्हटलं आणि विश्लेषणातून ते डेक वगळलं. ते बरोबर केलं का, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी वाचताना मी अक्षरशः खुर्चीत सरळ होऊन बसले. ‘0 झालं की हरला’ हा नियम तरी पक्का असेल ना? तोही नाही. 1999 मध्ये सहाव्या आवृत्तीबरोबर नियम बदलले, त्याआधी लाइफ शून्यावर गेलंय का हे टर्नच्या त्या त्या टप्प्याच्या शेवटी बघितलं जायचं. मधल्या वेळात तुम्ही 0 वर, किंवा त्याखालीही, जिवंत असायचात. आणि 1994 च्या लेजेंड्स संचात मिरर युनिव्हर्स नावाचा पत्ता होता: टर्नच्या सुरुवातीच्या टप्प्यात तो टाकून द्यायचा आणि दोघांच्या लाइफची अदलाबदल करायची. मग लोकांनी काय केलं? त्या टप्प्यात स्वतःचं लाइफ मुद्दाम शून्यावर आणायचं, मग आरसा फिरवायचा. टप्पा संपतो, तपासणी होते, आणि शून्यावर सापडतो समोरचा!

सहाव्या आवृत्तीनंतर तपासणी टप्प्याच्या शेवटाची वाट बघत नाही, कुणालाही पुढची चाल करायची संधी मिळण्याआधीच ती होते. मिरर युनिव्हर्सवर एक अक्षर बदललं नाही, ‘शून्य’ या शब्दाची व्याख्या बदलली नाही. फक्त मोजायची वेळ बदलली आणि एक अख्खी युक्ती नाहीशी झाली. सिनॉप्सिस लिहिताना आपण चल कोणता, साधन कोणतं, नमुना किती, हे भरतो. ‘मोजणार केव्हा’ हा रकाना बऱ्याच नमुना अर्जांत नसतोच. माझा डाव ठरावीक टर्नला थांबवणं म्हणजे दुसरं काय होतं? मीही मोजायची वेळ निवडली होती, आणि ती मशीनच्या सोयीनं निवडली होती.

बाकीच्या खेळांकडे धावती नजर टाकते, कारण तुलना केल्याशिवाय मॅजिकचं वेगळेपण कळत नाही. यू-गी-ओ मध्ये सुरुवात 8000 पासून. शून्यं जास्त, त्यानं काही बिघडत नाही, एककच मोठं आहे. पण त्यातला सॉलेम जजमेंट हा पत्ता हुशार आहे: समोरच्याची चाल रद्द करतो, किंमत म्हणून तुमचे निम्मे पॉइंट घेतो. 8000 असताना 4000, आणि 500 उरले असताना फक्त 250. जितके तुम्ही गरीब तितकी चाल स्वस्त, आणि निम्मं देऊन कुणी शून्यावर येत नाही. इथे फरक नाही, गुणोत्तर महत्त्वाचं. मॅजिकचा भाव सपाट, हा इन्कम टॅक्सच्या स्लॅबसारखा.

पोकेमॉनमध्ये खेळाडूला लाइफ नाहीच, ते पोकेमॉनना असतं. खेळाडूसमोर सहा प्राइज पत्ते पालथे असतात. समोरच्याचा पोकेमॉन पाडलात की तुमच्या प्राइजमधला पत्ता तुमच्या हातात, सगळे संपवले की जिंकलात. म्हणजे पुढे असणाऱ्यालाच आणखी पत्ते. ड्युएल मास्टर्समध्ये याच्या उलट: समोर पाच शील्ड असतात, एक फुटली की ती मार खाणाऱ्याच्या हातात जाते. मार खाल्ल्याची भरपाई लगेच मिळते. मला हा सगळ्यात प्रामाणिक नियम वाटतो. मॅजिकमध्ये जो ‘लाइफ विकून पत्ते’ हा व्यवहार खेळाडूंना वर्षानुवर्षं शोधत बसावा लागला, तो इथे नियमातच लिहून टाकलाय, आणि भाव ठरलेला: एक शील्ड, एक पत्ता. पण मग त्यात शोधण्यासारखंही कमी उरतं, हेही खरं.

मॅजिकच्या कर्त्यांनी पुढे काय केलं याबद्दल मात्र मी कडक आहे. 2011 च्या न्यू फायरेक्सिया संचात त्यांनी असे पत्ते काढले ज्यांच्या किमतीतला रंगीत मॅना द्या, किंवा त्याऐवजी 2 लाइफ द्या. म्हणजे चलन म्हणून लाइफ हे आता एखाद-दुसऱ्या विचित्र पत्त्यात न राहता सरसकट. परिणाम ठरलेलाच होता. 20 मधले पहिले 2 पॉइंट बहुतेक डावांत सगळ्यात स्वस्त असतात, मग ते कोण देणार नाही? ज्या रंगाचा मॅना तुमच्याकडे नाही त्या रंगाचे पत्ते फुकटात चालायला लागले. त्यातल्या मेंटल मिसस्टेपवर लेगसी प्रकारात त्याच वर्षी बंदी आली, गिटॅक्सियन प्रोबवर मॉडर्नमध्ये 2017 मध्ये. नेक्रोपोटेन्सनंतर पंधरा-सोळा वर्षांनीही भाव ठरवताना सगळे पॉइंट एकाच किमतीचे धरले गेले, हे मला पटत नाही. माझी चूक निदान पहिली होती.

आणि कमांडर. चार जण, 100 पत्त्यांचे डेक, प्रत्येकाचं लाइफ 40. खेळाडूंनीच घडवलेला हा प्रकार, 2011 पासून कंपनी त्याच्यासाठी खास डेक काढते. लाइफ दुप्पट केलं, पण पत्त्यांवर छापलेले भाव 20 च्या काळातले. नेक्रोपोटेन्स अजून 1 लाइफला 1 पत्ता देतोय आणि तुमच्या खिशात दुप्पट पैसे. सेरा असेंडंट नावाचा एका मॅनाचा छोटा प्राणी आहे, लाइफ 30 किंवा त्याहून जास्त असेल तर त्याला +5/+5 मिळतात. 20 वाल्या खेळात ते 30 गाठणं हे एक ध्येय होतं. कमांडरमध्ये तुम्ही त्या रेषेच्या वरच जन्माला येता, म्हणजे पहिल्याच टर्नला 6/6. आणि बिचारा बोल्ट: तिघा प्रतिस्पर्ध्यांचे मिळून 120 पॉइंट, त्याला 40 बोल्ट लागतील. गंमत म्हणून हे चांगलंच आहे, मीही खेळते. पण 20 वाल्या डावांचा डेटा आणि कमांडरचा डेटा एकाच तक्त्यात टाकून ‘लाइफ’ या एका शीर्षकाखाली सरासरी काढलेली दिसली तर ते पान उलटा.

माझ्या प्रकरणाचं पुढे काय झालं तेही सांगते, नाहीतर कुणीतरी विचारेलच. डाव मध्येच थांबवणं बंद केलं. आता एखाद्या स्थितीपासून डाव अनेकदा शेवटपर्यंत खेळवते आणि त्यातले किती जिंकले ते मोजते. मशीन अडकतं, अडकू दे. त्यामुळे ‘14 लाइफ’ याला एकच किंमत न राहता समोरच्या डेकप्रमाणे वेगवेगळी किंमत येते. लाइफचा आकडा निकालाच्या कॉलममधून काढला आणि स्थितीच्या वर्णनात नेला. प्रत्येक बदलाची नोंद कागद-पेनवाल्या खेळाडूंसारखी ठेवते: किती गेलं, केव्हा गेलं, आणि समोरच्यानं घेतलं की मी स्वतः दिलं. हा शेवटचा रकाना आधी नव्हता. मार खाऊन गेलेले 3 आणि लँडसाठी मोजून दिलेले 3 मी दोन वर्षं एकाच खात्यात टाकत होते.

गाइडनी मसुदा परत दिलाय. डेथ्स शॅडो वगळल्याच्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलनं एक प्रश्नचिन्ह आहे, बाकी काही लिहिलेलं नाही. पुढच्या मीटिंगपर्यंत त्याचं उत्तर शोधायचंय.